ड्रॉप-अवे रेस्ट पडायलाच हवा, पण वेळेवर

जालना जिल्ह्यात राहून कंपाउंड धनुष्य हाती घ्यायचं ठरवलं, तर धनुष्याची बारीकसारीक कामं स्वतःला यायला हवीत, हे आधीच धरून चालावं. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या खेळाडूला बाण ज्यावर टेकतो त्या रेस्टचा एक स्क्रू ढिला झाला म्हणून पुणे-नागपूर गाठायला लागलं, तर सराव कधी करायचा? मोठ्या शहरात नसणं म्हणजे मागे राहणं, असं मात्र मुळीच नाही. जालन्याहून सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बुलढाणा जिल्हा लागतो, आणि त्याच बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोएसरला अंतिम फेरीत 149-148 असं हरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी 149-147 ने आणि नागपूरचा ओजस देवतळे 150-149 ने जगज्जेते झाले. फरक किती, तर एक गुण, दोन गुण. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे, त्यामुळे गावोगावच्या मैदानांवर कंपाउंडची चौकशी वाढली तर नवल नाही.

ही एका गुणाची लढाई 50 मीटरवर होते. समोर 80 सेंटिमीटरचं टार्गेट असतं आणि त्यातलं दहाचं वर्तुळ अवघं 8 सेंटिमीटर व्यासाचं. आता रेस्टचं गणित बघा. बाणाचं मागचं टोक, म्हणजे नॉक, स्ट्रिंगवर असतं आणि पुढचा भार रेस्टवर. या दोन टेकूंमधलं अंतर फुल ड्रॉवर साधारण 70 सेंटिमीटर धरलं आणि रेस्ट अर्धा मिलिमीटर सरकला, तर निव्वळ भूमितीने 50 मीटरवर बाण साडेतीन सेंटिमीटर हलतो. प्रत्यक्षात स्ट्रिंगचा प्रवास, हाताचा पीळ, वेनची, म्हणजे बाणाच्या शेपटाकडच्या पिसांची, हवेवरची पकड यांमुळे आकडा बदलतो, आणि साइट फिरवून तो भरूनही काढता येतो. पण रेस्ट प्रत्येक बाणाला वेगळा वागत असेल, तर साइट कितीही फिरवा, उपयोग नाही. म्हणून ड्रॉप-अवेच्या बाबतीत ‘रेस्ट कुठे आहे’ याच्याआधी ‘रेस्ट कधी उभा राहतो आणि कधी पडतो’ हे बघायचं. बहुतेक नवे खेळाडू नेमकं उलटं करतात. कागदातून बाण मारून फाट बघायला बसतात आणि रेस्टच्या वेळेकडे बघतही नाहीत.

आधी हे यंत्र चालतं कसं ते समजून घेऊ. साध्या ब्लेडच्या रेस्टवर पोलादी पात्याच्या टोकाला खाच असते. बाण तिच्यावर बसतो आणि सुटताना तिच्यावरूनच घसरत जातो. पातं जागचं हलत नाही, त्यामुळे वेन त्याला लागू नयेत म्हणून नॉक फिरवून वेनची दिशा नीट लावावी लागते. ड्रॉप-अवेमध्ये लाँचर, म्हणजे बाण पेलणारा छोटा हात, धनुष्य ओढल्यावर उभा राहतो, बाण सुटला की खाली पडतो आणि वेनना वाट मोकळी करून देतो. त्याला ओढणारी एक दोरी असते. ती दोरी खाली जाणाऱ्या केबलला बांधलेली असेल तर तो केबलवर चालणारा रेस्ट. वरच्या किंवा खालच्या लिंबला बांधलेली असेल तर लिंबवर चालणारा. दोघांचं तंत्र एकमेकांच्या बरोबर उलट आहे, म्हणून आपला कोणता हे ठरवल्याशिवाय एकही स्क्रू हलवू नका.

केबलवाल्या रेस्टमध्ये दोरी ताणली गेली की लाँचर वर येतो. ड्रॉच्या शेवटच्या एक-दोन इंचांत तो पूर्ण उभा राहिला पाहिजे. फुल ड्रॉवर येऊनही तो थोडा आडवाच असेल तर दोरी लांब आहे. उलट, ड्रॉच्या मध्यावरच उभा राहून पुढे दोरी केबलला ओढत असेल, तर ती आखूड आहे. अशी आखूड दोरी लाँचर पडायला उशीर करते, केबलवर फुकटचा भार टाकते आणि एक दिवस तुटतेही. काही केबलवाल्या रेस्टमध्ये, क्यूएडीच्या लोकप्रिय रेस्टसारख्या, आत कुलूप असतं. सावकाश परत आणलं तर लाँचर उभाच राहतो, वेगाने सुटलं तरच पडतो. त्यांची नेमकी वेळ कंपनीच्या पुस्तिकेत बघावी. इथे दिलेलं माप आणि पुस्तिका यांत फरक पडला तर पुस्तिकेचं ऐका.

लिंबवाल्या रेस्टमध्ये स्प्रिंग लाँचरला सतत वर ढकलत असते आणि ताणलेली दोरी त्याला खाली दाबून धरते. धनुष्य ओढलं की लिंब वाकतं, दोरी ढिली पडते, लाँचर उठतो. बाण सुटला की लिंब परत जागेवर येतं आणि दोरी लाँचरला खाली खेचते. म्हणजे इथे धनुष्य मोकळं असताना दोरी ताठ आणि लाँचर पूर्ण खाली असला पाहिजे. बोटाने दाबल्यावर तो आणखी खाली जात असेल तर दोरी ढिली आहे, आणि वेन त्याला हमखास घासणार. ड्रॉचे सुरुवातीचे काही इंच झाले तरी लाँचर उठायला तयार नसेल, तर दोरी जास्तच ताणलेली आहे. या रेस्टची खुबी अशी की बाण स्ट्रिंगवरून निघेपर्यंतच्या बहुतेक प्रवासात त्याला पुढून आधार मिळतो. त्यामुळेच टार्गेट खेळणारे हल्ली लिंबवाल्याकडे झुकतात, आणि माझंही मत त्याच बाजूला आहे.

मात्र जो खेळाडू नुकताच इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्यावरून कंपाउंडवर आला आहे, त्याने पहिलं वर्ष साध्या ब्लेडवर काढावं. ब्लेडला दोरी नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला फारसं काही नाही. चूक झाली तर ती हाताची आहे हे लगेच कळतं. ड्रॉप-अवेचा खरा फायदा वेन मोठ्या असतील तेव्हा, किंवा उघड्या शिवारात वारा असताना बाण रेस्टवरून पडत असेल तेव्हा. ज्या ड्रॉप-अवेला बाणाभोवती कडं असतं, तो वाऱ्यातही बाण सोडत नाही. आणखी एक गोष्ट. हा रेस्ट मुख्यतः अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी वाढला, त्यामुळे इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ शिकारीच्या पात्यांचे बाण जुळवण्यात गुंतलेले असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा व्हिडिओतला तो अर्धा भाग खुशाल सोडून द्या.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी धनुष्य बघा, रेस्ट नंतर. दोन्ही कॅमचे स्टॉप फुल ड्रॉवर एकाच वेळी केबलला टेकतात का, हे सोबत्याला बाजूने बघायला सांगा. एक आधी आणि एक नंतर टेकत असेल तर बाणाचं शेपूट वर-खाली नाचेल, आणि तुम्ही बिचाऱ्या रेस्टला दोष देत बसाल. हे दुरुस्त करायला बो प्रेस लागतो, आणि बो प्रेसशिवाय स्ट्रिंग किंवा केबल सोडायचा प्रयत्न कोणीही करू नये. इथे मात्र जाणत्या प्रशिक्षकाकडे जाणंच बरं. बाणाचा स्पाइन, म्हणजे ताठपणा, तुमच्या पाउंडाला आणि ड्रॉला जुळतो का, हे बाण बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यावर ताडून बघा. स्पर्धेत कंपाउंडला 60 पाउंडांची मर्यादा आहे, म्हणून ट्यूनिंगही स्पर्धेत मारणार त्याच वजनावर करा. ट्यूनिंग झाल्यावर दोन पाउंड वाढवले की सगळं पुन्हा करावं लागतं. आणि हे सगळं तपासताना धनुष्य रिकामं ओढून सोडू नका. बाण लावूनच, टार्गेटकडे तोंड करूनच ओढायचं. रिकामं धनुष्य सुटलं तर लिंब आणि कॅम फुटू शकतात, शेजारी उभ्या माणसाला इजा होऊ शकते.

रेस्टची सुरुवातीची जागा सोपी आहे. बाजूने बघितल्यावर बाण रायझरच्या बर्जर होलच्या, म्हणजे रेस्ट कसायच्या भोकाच्या, मधून गेला पाहिजे आणि स्ट्रिंगशी काटकोनात, किंवा नॉककडून एक-दीड मिलिमीटर वर. वरून बघितल्यावर रायझरपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर बऱ्याच धनुष्यांत 20-21 मिलिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या धनुष्याचा आकडा कंपनीने दिला असेल तर तोच धरा. या जागेवर रायझरवर पेन्सिलीने बारीक खूण करा. पुढे कितीही भटकलात तरी परत यायला घर हवं.

मग दोरी. केबलवाल्या रेस्टची दोरी चिमट्याने केबलला लावतात किंवा केबलच्या धाग्यांमधून ओवून सर्व्हिंगने बांधतात. चिमटा सोपा, पण तो सरकतो. सरकला हे कळावं म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना केबलवर मार्करने रेघ मारा. गाठ मारल्यावर टोक लायटरने हलकंच जाळून बोंड करा, मात्र ज्योत केबलजवळ नेऊ नका. सोबत्याला लाँचरकडे बघायला बसवून दहा-बारा वेळा सावकाश ओढा आणि सावकाश परत आणा. दर वेळी लाँचर त्याच ठिकाणी उठतो का, हे बघायचं. एखाद्या वेळी अडखळला तर बेअरिंगमध्ये धूळ असेल. जालन्याच्या उन्हाळ्यात ती असतेच. कोरड्या ब्रशने झाडा. तेल घालू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते. पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं असेल तरच थेंबभर.

यानंतरची पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळं ट्यूनिंग तिच्यावर उभं आहे. बाण सुटताना वेन कुठे घासतात का, हे तपासायचं. साधी टाल्कम पावडर घ्या. वेनवर, लाँचरवर, रेस्टच्या कड्यावर, रायझरच्या खालच्या कपारीवर आणि केबलवर पातळ थर द्या आणि तीन-चार मीटरवरून टार्गेटमध्ये एक बाण मारा. जिथे पावडर खरवडली गेली तिथे स्पर्श झाला. वेनच्या कडेला लिपस्टिक लावली तर लाँचरवर लाल डाग पडतो, तेही चालतं. लाँचरच्या आतल्या बाजूला जिथे शाफ्ट बसतो तिथली खूण साहजिक आहे. वेनची खूण मात्र कुठेच नको.

मोबाइलवर स्लो मोशन काढलं तर हे कळणार नाही का? थोडंच कळतं. धनुष्य बाणाला सेकंदाला 85 मीटरच्या आसपास वेग देत असेल आणि स्ट्रिंगचा प्रवास अर्धा मीटर असेल, तर बाण सुटण्यापासून स्ट्रिंगवरून निघेपर्यंत जेमतेम 12 मिलिसेकंद जातात. मोबाइल सेकंदाला 240 चित्रं घेत असेल तर या वेळात त्याला तीन चित्रं मिळतात. बाण स्ट्रिंगवरून निघाल्यावर वेनचं पुढचं टोक रेस्टपाशी पोचायला तर एक-दीड मिलिसेकंद पुरतो, तो क्षण दोन चित्रांच्या मधेच हरवतो. लाँचर पडून परत वर उसळतो का, हे मात्र व्हिडिओत चांगलं दिसतं. उसळत असेल तर कपारीवर फेल्टचा तुकडा चिकटवा आणि स्प्रिंगचा ताण पुस्तिकेप्रमाणे बदला.

घासणं थांबलं की मग कागद. लाकडाच्या चौकटीला जुनं वर्तमानपत्र ताणून लावा, तुमच्यापासून दोन मीटरवर. कागदामागे आणखी दोनेक मीटरवर टार्गेट ठेवा, म्हणजे बाण कागदातून पूर्ण बाहेर पडल्यावरच रुतेल. चौकट खांद्याच्या उंचीला, बाण आडवा सपाट जाईल अशी. टोकाने गोल भोक पडतं आणि वेनच्या चिरा त्याच्या एका बाजूला फाटतात. चिरा ज्या बाजूला, त्या बाजूला बाणाचं शेपूट होतं. नियम एकच लक्षात ठेवा: शेपूट जिकडे, रेस्ट तिकडे. शेपूट वर फाडत असेल तर रेस्ट किंचित वर, खाली असेल तर खाली, डावीकडे असेल तर डावीकडे, उजवीकडे असेल तर उजवीकडे. एका वेळी पाव-अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि दर बदलानंतर निदान तीन बाण.

इथेच गफलत होते. वरची फाट दिसली की खेळाडू रेस्ट उचलतो, तरी फाट तशीच. आणखी उचलतो, तरीही तशीच. रेस्ट वर-खाली करूनही जी वरची फाट हलत नाही, ती उंचीची नसून वेळेची असण्याची शक्यता जास्त. लाँचर उशिरा पडला तर वेन त्यावर आपटून शेपूट वर उडतं. लाँचर लवकर पडला तर पुढचा आधार गेल्याने टोक खाली झुकतं आणि तिथेही शेपूट वरच राहतं. दोन उलट दोष, फाट एकच! म्हणून पुन्हा पावडर आणि पुन्हा दोरी. डाव्या-उजव्या फाटीतही असंच. ती दर बाणाला बदलत असेल तर दोष तुमच्या पकडीत आहे, हात धनुष्याला पिळतोय. फाट दर वेळी तीच असेल, तर रेस्ट बाजूला सरकवा. मधल्या रेषेपासून दीड-दोन मिलिमीटर सरकवूनही भागलं नाही, तर थांबा आणि कॅमचा कल व बाणाचा स्पाइन पुन्हा बघा. कॅमची किंवा बाणाची चूक रेस्टच्या गळ्यात घातली की दोन मीटरवर कागद छान दिसतो आणि 50 मीटरवर बाण फाकतात.

कागदावर पाच मिलिमीटरपर्यंतची वरची फाट राहिली तर तिच्यामागे लागू नका. काही प्रशिक्षक ती मुद्दाम ठेवतात. कागद म्हणजे फक्त सुरुवात. खरी परीक्षा 18 मीटरवर बेअर शाफ्टने. वेन काढलेला एक बाण, जिथे वेन होते तिथे तेवढ्याच वजनाची टेप गुंडाळून, तीन वेनवाल्या बाणांसोबत मारा. बेअर शाफ्ट जिथे जाईल तिथून वेनवाल्या बाणांच्या गठ्ठ्याच्या दिशेने रेस्ट न्यायचा. बेअर शाफ्ट डावीकडे गेला तर रेस्ट उजवीकडे, खाली गेला तर वर. बेअर शाफ्ट वाकडा रुततो आणि रुतताना मोडूही शकतो, म्हणून टार्गेट मऊ हवं आणि त्याच्या मागे मोकळी जागा नको. गव्हाच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याहून फोमचं टार्गेट बरं.

त्यानंतर जमेल त्याने वॉक-बॅक करावं. टार्गेटवर वर एक ठिपका आणि त्याखाली ओळंब्याने उभी रेघ. साइट 20 मीटरवर लावून तशीच ठेवायची आणि 20, 30, 40 मीटरवरून त्याच ठिपक्यावर नेम धरायचा. बाण खाली खाली पडत जातील. ते रेघेवरच राहिले तर मधली रेषा बरोबर. अंतर वाढत जाईल तसे डावीकडे वाहत गेले तर रेस्ट चिमूटभर उजवीकडे, उजवीकडे वाहिले तर डावीकडे. हे वारा पडलेला असतानाच करा. आपल्याकडे उन्हाळ्यात ती वेळ सकाळी सातच्या आधीची.

रेस्टची पुढे-मागे जागा हा विषय प्रगत खेळाडूंचा. लाँचर पकडीच्या बरोबर वर असेल तर हाताच्या पिळाचा परिणाम कमी होतो, म्हणून काही जण मुद्दाम हात डावीकडे-उजवीकडे पिळून बाण मारतात आणि गट सर्वांत कमी फाकेल अशी जागा शोधतात. करायचं तर करा, पण वर्ल्ड आर्चरीच्या नियमाप्रमाणे कंपाउंडमध्ये बाण टेकण्याची जागा पकडीच्या सर्वांत खोल भागापासून 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे चालत नाही. स्पर्धेआधी साहित्याची तपासणी होते, तिथे टेप लावून घेण्यापेक्षा घरीच मोजून जा.

सगळं जुळल्यावर प्रत्येक स्क्रूवर रायझर आणि रेस्ट यांना जोडणारी मार्करची एक रेघ मारा, म्हणजे हलला की डोळ्यांना दिसेल. वारंवार सुटणाऱ्या स्क्रूला निळं लॉकटाइट चालतं. धनुष्य बंद मोटारीत ठेवू नका. मे महिन्यात जालन्यात उभ्या गाडीच्या आत जी भट्टी होते, तिच्यात स्ट्रिंग-केबल लांबतात, कॅमची वेळ बिघडते आणि केबलवर चालणाऱ्या रेस्टची दोरी आपोआप ढिली पडते. नवी स्ट्रिंग घातल्यावर पहिले दोनशे-तीनशे बाण हेच होत असतं, म्हणून तेवढे बाण मारून झाल्यावरच अंतिम ट्यूनिंग करा.

दोरी हा या रेस्टचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी जाणारा भाग. ती पिंजलेली दिसली की बदला, तुटायची वाट बघू नका. आत्ता बरोबर चाललेल्या दोरीची गाठ ते गाठ लांबी मिलिमीटरमध्ये वहीत लिहा, त्याच मापाची दुसरी दोरी कापून, टोकं जाळून, एका बाजूला गाठ मारून किटमध्ये ठेवा. सोबत योग्य मापाच्या दोन एलन की, मार्कर आणि पावडरची छोटी डबी. स्पर्धेच्या मैदानावर दोरी बदलावी लागली तर गुणांचे बाण मारण्याआधी सरावाच्या बाणांत पावडर लावून एकदा तपासा.